मणक्याच्या रुग्णांना तोच कागद पुरत नाही

महोदय,

माझा धाकटा भाऊ बारा वर्षांपूर्वी विहिरीत पडला आणि छातीच्या चौथ्या मणक्याशी मज्जारज्जूला इजा झाल्याने छातीखालचे त्याचे अंग कायमचे लुळे पडले. गेल्या मे महिन्यात शौचावाटे रक्त जाऊ लागल्याने त्याला कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी सांगण्यात आली. रुग्णालयाने दिलेला सूचनांचा कागद मात्र चालत्या-फिरत्या माणसासाठीचा होता : आदल्या दिवशी पातळ आहार, संध्याकाळी जुलाबाचे औषध, सकाळी आठला हजर. रावेर तालुक्यातून जळगावला जाताना त्या उन्हात गाडीतच तीनदा त्याचे कपडे बदलावे लागले, आणि एवढे करूनही आतड्यात मळ राहिल्यामुळे तपासणी अर्ध्यावर थांबली.

मज्जारज्जूच्या इजेनंतर आतड्याची हालचाल मंदावते, म्हणून एका रात्रीचे औषध अनेकदा पुरत नाही. ते दोन-तीन दिवसांत विभागून द्यावे लागते. शौचाची जाणीव नसलेला माणूस ओल्या कपड्यांत पडून राहिला, तर बधिर कातडीला जखम व्हायला फार वेळ लागत नाही, आणि ती भरायला महिने जातात. इजेखालच्या भागाला नीट घाम येत नसल्याने उन्हाचा त्रासही त्याला अधिक होतो.

सर्वांत गंभीर गोष्ट त्या कागदावर नव्हतीच. छातीच्या सहाव्या मणक्याशी किंवा त्याच्या वर इजा असलेल्यांचा रक्तदाब आतडे वा मूत्राशय ताणले गेले की एकाएकी भडकू शकतो. डोके ठणकते, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. अशा वेळी रुग्णाला ताबडतोब बसते करून, कपडे सैल करून, लघवीची नळी तुंबली आहे का ते आधी पाहावे लागते. ज्याचा वरचा रक्तदाब रोज 100 असतो, त्याचा 140 झाला तर तो किरकोळ समजून चालत नाही.

दुसऱ्या खेपेस दुसऱ्या रुग्णालयाने त्याला तीन दिवस आधी दाखल करून घेतले, कमोडची खुर्ची व मदतनीस दिला, आणि तपासणी पूर्ण झाली. दिव्यांग हक्क कायदा, 2016 च्या कलम 25 मध्ये सरकारी व खासगी रुग्णालयांत अडथळाविरहित प्रवेश आणि उपचारांत प्राधान्य यांची तरतूद आहे. तेव्हा जळगाव, धुळे व नंदुरबार येथील रुग्णालयांनी तारीख देतानाच ‘मणक्याची इजा आहे का, आणि कोणत्या पातळीवर?’ हे विचारावे व अशा रुग्णाला आधीपासून दाखल करून घ्यावे, ही विनंती.

— एक वाचक, ता. रावेर, जि. जळगाव