अनंतास पत्र: दोन महिन्यांचा गुडघा

मालवण

प्रिय अनंतास,
सप्रेम नमस्कार.

गुडघ्यात नवा बंध घालण्याच्या शस्त्रक्रियेला दोन महिने झाले, कळ राहिली नाही, तेव्हा आता कबड्डीला उतरायला हरकत नसावी, असे तू लिहितोस. पत्र वाचून त्याच रात्री उत्तराला बसलो, कारण हीच चूक मी करता करता वाचलो.

माझे तुला ठाऊक आहे. श्रावणात जांभ्याच्या पायरीच्या फटीत पाऊल अडकले नि अंग फिरले, आतून ‘टक्’ असा आवाज आला आणि दोन तासांत गुडघा शहाळ्याएवढा सुजला. गावातल्या एका जाणत्याने चोळून दिले, सूज उतरली, मी विसरलो. पुढे रापणीचे जाळे ओढताना ओल्या वाळूत वळलो, तर मांडी एकीकडे आणि नडगी दुसरीकडे गेली. दुखत नव्हते, भरवसा उरला नव्हता. डॉक्टरांनी गुडघा २०-३० अंशांत वाकवून नडगी पुढे ओढली. चांगल्या पायाची दावे ताणल्यासारखी जागच्या जागी थांबली, दुसऱ्याची मात्र येतच राहिली. एमआरआय नंतर झाला. तुझ्यासारखाच माझाही बंध तुटला होता.

गुडघ्यात मांडीचे हाड नि नडगी बांधून ठेवणारा, एसीएल म्हणतात तो अस्थिबंध तुटल्यावर नुसता शिवून सहसा टिकत नाही. म्हणून १९१७ मध्ये अर्नेस्ट हे ग्रोव्ह्ज या इंग्रज शल्यविशारदांनी मांडीच्या बाहेरच्या अंगाची पट्टी वळवून नवा बंध घातला. आता बहुधा हॅमस्ट्रिंगची (मांडीमागच्या स्नायूंची) किंवा वाटीखालची कंडरा, म्हणजे दोरीसारखा चिवट पट्टा, घेऊन ती हाडांत पाडलेल्या बोगद्यांतून ओवतात. पण उचलून आणलेल्या कंडरेचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. तिच्यातल्या जुन्या पेशी मरतात, मग हळूहळू नव्या रक्तवाहिन्या शिरतात, आणि म्हणून सुमारे सहाव्या ते बाराव्या आठवड्यात ती बसवली त्या दिवसापेक्षाही कच्ची असते. कळ नेमकी तेव्हाच गेलेली असते! (माझ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी हे तीनदा सांगितले, तेव्हा कुठे डोक्यात शिरले.)

तेव्हा नऊ महिन्यांच्या आत मैदान नाही. त्यानंतरही एकेका पायावर उडी मारून दोन्ही पायांच्या उडीचे अंतर मोजून घे आणि मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या जवळपास आल्याशिवाय डॉक्टरांकडे परवानगी मागू नकोस. तोवर मांडीचे व्यायाम कंटाळा न करता कर.

पुढच्या रविवारी मी एसटीने गुहागरला येतो आहे. मला घ्यायला पाखाडी चढून वर येऊ नकोस, मीच खाली उतरतो.

तुझा,
वसंत