काकांच्या केसबद्दल

धंतोली, नागपूर

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतचे हॉस्पिटलच्या कागदांचे फोटो मिळाले. काकांच्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेवरून डॉक्टरविरुद्ध पोलिसांत तक्रार देण्याचा विचार तूर्त बाजूला ठेव, असे मी मित्र म्हणूनही सांगेन आणि वकील म्हणूनही. जेकब मॅथ्यू प्रकरणातील २००५ च्या निकालानंतर डॉक्टरवर फौजदारी खटला चालवायचा तर निष्काळजीपणा अत्यंत गंभीर असावा लागतो, आणि पोलिसांनाही आधी दुसऱ्या, शक्यतो सरकारी, डॉक्टरचे मत घ्यावे लागते. शिवाय त्यातून काकांच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च निघणार नाही. आपली जागा ग्राहक आयोग. पैसे मोजून घेतलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच ठरवून टाकले आहे.

पित्ताशय काढताना पित्तनलिकेला इजा झाली, एवढ्यावर मात्र आपण जिंकणार नाही. ही गुंतागुंत कसलेल्या सर्जनच्या हातूनही होते, आणि समोरचा वकील जबाबात पहिल्यांदा तेच लिहील. आपली केस त्यानंतरच्या दिवसांत आहे. नर्सच्या चार्टवर रात्री दोनला १०२ ताप, पोटदुखी आणि डोळे पिवळे, अशी नोंद आहे. त्याच सकाळी राउंडला आलेल्या डॉक्टरांचा शेरा मात्र ‘प्रकृती स्थिर’, बस्स. ना सोनोग्राफी, ना बिलिरुबिनची, म्हणजे काविळीसाठीची रक्ततपासणी. साधारण कौशल्याच्या सर्जनने त्या सकाळी काय केले असते, हे आयोग पाहतो, आणि या एका पानावर माझा सर्वाधिक भरवसा आहे.

म्हणून आधी संपूर्ण केस पेपर मिळव. डिस्चार्ज कार्डावर भागणार नाही. ऑपरेशन नोट, नर्सिंग चार्ट, संमतीपत्र, सगळे हवे. लेखी अर्ज देऊन पोच घे, कारण अर्जापासून ७२ तासांत कागद देण्याचे बंधन डॉक्टरांवर आहे. तू काढलेले फोटो फोनमधून पुसू नकोस; मिळालेल्या प्रतीत काही ‘सुधारले’ गेले असेल, तर तेच कामी येतील.

काका आता तुझ्याकडे राहतात, त्यामुळे २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रार पुण्यातही चालेल. पण डॉक्टर आणि कागद इथले आहेत, तेव्हा सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा आयोगातच दाखल करू. हॉस्पिटलला दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने, भरपाई कितीही मागितली तरी फी नाही. नोटीस मिळाल्यावर त्यांना जबाबासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५. पुढे पुरावा बहुतेक शपथपत्रांवरच होतो. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचे मत लागतेच असे नाही, हे २०१० च्या निकालाने स्पष्ट झाले, तरी एखाद्या निवृत्त सर्जनचे मत आपण जोडूच. आयोगाने कागद मेडिकलच्या, म्हणजे इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, तज्ज्ञांकडे पाठवले तर आपली बाजू आधीच मांडलेली असावी. डॉक्टरांच्या विमा कंपनीलाही पक्षकार करू, तडजोडीची भाषा बहुधा तिथूनच सुरू होते.

कायदा तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा ठेवतो. तू काही वर्षे धरून चाल. निकाल आपल्या बाजूने लागला तरी ते अपिलात जातील, मात्र त्यासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागते.

तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे, आणि त्यातले एक वर्ष दिवाळीलाच सरले. दुसरी शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनची ऑपरेशन नोटही मागून घे. आत काय आढळले, किती पित्त साचले होते, हे त्यांनी लिहिलेले असेल.

काकांना माझा नमस्कार सांग.

तुझा,
विवेक