चातुर्मासात मंगल कार्यालयं बँडच्या पोरांना रियाजाला द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लग्नसराई उरकली, आता आषाढी ते तुळशीचं लग्न ह्या काळात मधले गणपती सोडले तर बँडवाल्यांना फारसं काम नसतं, आणि नेमके हेच चार महिने ट्रंपेट शिकणाऱ्या पोरांसाठी सगळ्यात महत्त्वाचे असतात. मी सातारा भागात बरीच वर्षं ट्रंपेट वाजवतोय, हल्ली नवीन पोरांना शिकवतो पण. माझी विनंती एवढीच आहे की ह्या दिवसात जी मंगल कार्यालयं दुपारी रिकामी असतात त्यांच्या मालकांनी आपला हॉल रोज तास दोन तास ह्या पोरांना रियाजासाठी फुकट द्यावा. का ते सांगतो, जरा सविस्तर सांगावं लागेल कारण ट्रंपेटचा रियाज म्हणजे नक्की काय हे बाहेरच्या लोकांना सहसा माहीत नसतं.

लोकांना वाटतं ट्रंपेट म्हणजे सगळा जोराचा खेळ. वरातीत तेच दिसतं ना, गाल फुगलेले, मानेच्या शिरा ताणलेल्या, आणि पोरगं त्या गोंगाटात आपला आवाज पुढे काढायला माउथपीस ओठावर दाबून दाबून वाजवतंय. सीझनमधे दुसरा इलाज नसतो, पण वरातीत वाजवून कुणाचा हात सुधारत नाही. उलट दाबल्यामुळे ओठातलं रक्त थांबतं, ओठ बधिर होतो, सुजतो, मग वरचे सूर लागत नाहीत म्हणून पोरगं अजून दाबतं. अमेरिकेतला जॅझचा ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँग, एवढा मोठा माणूस, त्याच्या ओठाची वाट लागली होती आणि १९३४-३५ च्या सुमारास त्याला काही महिने ट्रंपेट खाली ठेवावा लागला होता. मग आपल्या सोळा सतरा वर्षाच्या पोराच्या ओठाचं काय होत असेल विचार करा.

खरं तर हे वाद्य ओठ आणि श्वासाचं आहे, बोटांचं काम त्यात थोडंच. जवळपास दीड मीटर पितळी नळी गुंडाळलेली असते आणि बोटाने दाबायचे तीन पिस्टन. दुसरा दाबला की सूर अर्ध्या स्वराने उतरतो, पहिला दाबला की पूर्ण स्वराने, तिसरा दाबला की दीड स्वराने, बास. एकही पिस्टन न दाबता फक्त ओठ आणि हवेचा वेग बदलून सा, प, वरचा सा, त्यावरचा ग, प असे सूर काढायचे असतात. म्हणजे सा ला जी बोटं तीच प ला, फरक सगळा ओठात. म्हणून नवीन पोराला मी आधी गाणं देतच नाही, हवा न तोडता सा वरून प वर जा, परत ये, हेच करायला लावतो. सुरवातीला सूर मधेच फुटतो, पोरं कंटाळतात, पण हे जमल्याशिवाय पुढचं काहीच जमत नाही.

त्याच्याही आधी लांब सूर. मोबाईलवर तानपुरा लावायचा, पट्टी काळी पाच, कारण आपल्याकडचा नेहमीचा ट्रंपेट बी फ्लॅटचा असतो, त्याचा सा पेटीच्या काळी पाचवर येतो. मग एकदम हळू, म्हणजे शेजारच्या खोलीत जेमतेम जाईल इतक्या हळू आवाजात सूर लावायचा आणि न हलवता दम पुरेल तेवढा धरायचा. जोरात वाजवणं कुणालाही जमतं हो, हळू वाजवताना सूर स्थिर ठेवणं फार अवघड आहे आणि सगळी सुधारणा तिथेच होते. तानपुऱ्याबरोबर बसलं की कान पण उघडतात. खालचा रे घ्या, पहिला आणि तिसरा पिस्टन एकत्र दाबून येतो, तो वाद्यातच थोडा चढा असतो, तिसऱ्या पिस्टनची स्लाइड, म्हणजे सरकणारी नळी, बोटाने बाहेर ढकलून तो उतरवावा लागतो, आणि हे किती पोरांना कुणी सांगितलेलंच नसतं, ती वर्षानुवर्षं बेसूर रे वाजवत राहतात. ह्याउलट पिस्टन न दाबता येणारा वरचा ग, तो पियानोच्या मापाने थोडा उतरा असतो पण तानपुऱ्यात जो गंधार आपोआप ऐकू येतो त्याच्याशी तो बरोब्बर मिळतो, आणि पोराला ते पहिल्यांदा जाणवतं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

अजून एक, विश्रांती. जितका वेळ वाजवलं तितका वेळ थांबायचं. तालमीतला पैलवान जसा दोन मेहनतीच्या मधे दम खातो तसंच आहे हे, ओठाभोवतीचा स्नायूच आहे तो शेवटी. ओठ थकल्यावर रेटत राहिलं तर चुकीची सवयच पक्की होते. थांबलेल्या वेळात गाऊन बघायचं, कारण जी जागा गळ्यातून निघत नाही ती ट्रंपेटमधून निघणार नाही. आपल्या गाण्यातली मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, पिस्टनवर तुटते, ती पिस्टन अर्धा दाबून आणि ओठाने सूर ओढून काढावी लागते आणि त्याला गाऊन बघण्याशिवाय रस्ता नाही. जिभेचं काम, तु तु आणि जलद असेल तर तु कु तु कु, ते त्यामानाने लवकर येतं.

आता सांगा हे सगळं पोराने करायचं कुठे? चाळीत, दोन खोल्यांच्या घरात, फ्लॅटमधे एकच सूर तासभर ऐकून शेजारी वैतागणारच, त्यांचंही बरोबर आहे, कुणाकडे म्हातारं माणूस आजारी असतं, कुणाची परीक्षा असते. पोरं मग उघड्या कपाटातल्या कपड्यात तोंड घालून वाजवतात किंवा प्रॅक्टिस म्यूट, म्हणजे आवाज दाबायला ट्रंपेटच्या तोंडात बसवायचं बूच, लावतात. म्यूट चांगलाच आहे, पण त्याने हवा अडते, फुंकायचा अंदाज बदलतो, सगळा रियाज म्यूटवर केला तर मोकळा आवाज कधी तयारच होत नाही. पुण्यात ढोलताशा पथकांना सरावाला नदीकाठ तरी असतो, आमच्या पोरांना ह्या पावसात माळावर जाऊन वाजवायची पण सोय नाही.

जागा आणि शिकवणारा मिळाला की काय होतं ते गोव्याने दाखवलंय. तिथे चर्चच्या शाळांमधे गावागावात पोरांना नोटेशन आणि वाद्यं शिकवली जायची, त्यातूनच हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात इतके गोवेकर आले. चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, ख्रिस पेरी, सगळे ट्रंपेटवाले. चिक चॉकलेट तर आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांबरोबर काम करायचे, १९५१ च्या 'अलबेला'मधे ते बँडसकट पडद्यावरही दिसतात. आमच्या पोरांचे कान त्यांच्यापेक्षा कमी नाहीत, एकदा ऐकलेलं गाणं संध्याकाळी वाजवून दाखवतात. कमी पडतं ते बसून, शांतपणे, रोज करायचं काम आणि नोटेशन वाचणं. ते आलं तर पोलिस बँड, सैन्याचा बँड, स्टुडिओ, शाळेत शिकवणं असे रस्ते उघडतात, नाहीतर आयुष्यभर सीझनची मजुरी.

कार्यालयाच्या मालकांना काय काळजी वाटेल ते मला माहीत आहे. ढोल, ड्रम आणायचे नाहीत, फक्त ट्रंपेट आणि क्लॅरोनेट. वेळ दुपारी चार ते सहा, दारं खिडक्या लावून. लाइट एकच लावू, पंखा नको. ट्रंपेटच्या नळीतून पाणी गळतं ते बहुतेक श्वासाचीच वाफ थंड होऊन झालेलं असतं, तरी पोरं खाली फडकं टाकतील आणि जाताना फरशी पुसून जातील. चावी बँडमास्तरने सही करून घ्यायची, त्यानेच परत द्यायची. कार्यालयात बारसं, डोहाळजेवण, काही असेल त्या दिवशी सुट्टी. नगरपालिकेच्या शाळांनीही संध्याकाळी एखादा वर्ग दिला तर आनंदच आहे पण त्याला परवानग्या लागतील, अर्ज, शिक्के, त्यात गणपती येतील. कार्यालयाच्या मालकाने हो म्हटलं तर आषाढीच्या दुसऱ्या दिवशी सुरू करता येईल. शिकवायला मी येतो, पैसे नकोत, आणि आमच्यातले अजून दोघंतिघं जुने वादक तयार आहेत. ज्यांना जमणार असेल त्यांनी आपल्याच कार्यालयात सीझनला वाजवणाऱ्या बँडच्या मास्तरला तेवढा निरोप द्यावा.

आपला,
एक ट्रंपेटवादक, सातारा