२०१९ च्या महापुरातल्या अनोळखी हातांना

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा आणि कृष्णा पात्र सोडून पसरल्या, पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला आणि मदतीचे ट्रक दोन्ही बाजूंना अडकले. त्या दिवसांत शिरोळ आणि सांगलीच्या गावांसाठी राबलेल्या, नाव न सांगता निघून गेलेल्या सर्वांचे मनापासून आभार.

सर्वात आधी, माल वेगळा करणाऱ्यांचे. मिसळून आलेलं पोतं छावणीत उघडावं लागलं की वाटप तासन्‌तास थांबतं. तुम्ही प्रत्येक कुटुंबाचा संच बाहेरच बांधलात: तांदूळ, डाळ, तेल, मीठ, काडेपेटी, मेणबत्त्या, सॅनिटरी पॅड, चादर. वर ठळक अक्षरांत यादी. ओले, फाटके कपडे तिथेच बाजूला काढलेत, ही फार मोठी सेवा होती. असे ढीग छावणीत कुजतात आणि जागा अडवतात. शिजवलेल्या अन्नाऐवजी चिरमुरे, फुटाणे, बिस्किटं पाठवलीत, तेही योग्यच. दमट हवेत भाताची पाकिटं वाटेतच आंबतात.

बोटींवर वाट दाखवणाऱ्या गावकऱ्यांनो, बुडालेल्या उसाचा पाला पंख्यात अडकतो, म्हणून तुम्ही बोट पाणंदीवरून नेलीत. कडबा आणि पेंड पोचवणाऱ्यांचेही ऋण आहे. जनावरं मागे सोडून माणसं घराबाहेर पडत नाहीत.

पाणी उतरल्यावर गढूळ पाणी आधी निवळून, गाळून, मग क्लोरीन घालून अर्धा तास ठेवायचं, हे घरोघरी सांगत फिरलेल्या आशाताई आणि अंगणवाडीताईंनो, तुमचे आभार मानावे तेवढे थोडेच.