बाकडी विकू नकोस

एडिसन, न्यू जर्सी
ऑक्टोबर २०२०

प्रिय दिल्या,

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. निसर्ग वादळात उडालेले पत्रे शेवटी चढले हे ऐकून बरं वाटलं. पण पुढचं ऐकलं आणि झोप उडाली बघ. तो इंटिरियरवाला म्हणतोय की हर्णैचं हॉटेल आता रेट्रो अमेरिकन डायनर करा, म्हणजे जुन्या अमेरिकन वळणाचं साधं खाण्याचं ठिकाण, लाल सोफे, निऑन, भिंतीवर जुन्या लांबलचक गाड्यांची चित्रं, पर्यटक फोटो काढायला येतील, आणि काकांची बाकडी, तो लाकडी गल्ला सगळं भंगारात. वर तू म्हणतोस, तू तिकडंच राहतोस तर चार चांगल्या डायनरचे फोटो पाठव. फोटो पाठवतो रे, पण आधी हे वाच. फोनवर मला हे नीट बोलता आलं नसतं. लांबणार आहे, संध्याकाळचा मासळीचा लिलाव उरकला की निवांत बस.

तुझ्या इंटिरियरवाल्याच्या डोक्यात जे आहे ना, तसं एक ठिकाण आम्ही बघितलंय. हडसन नदीच्या काठावर, समोर न्यूयॉर्कच्या बिल्डिंगी, संध्याकाळची वेळ, नाव नाही सांगत. काळी-पांढरी फरशी, नाणं टाकून गाणी लावायचा ज्यूकबॉक्स, पोरींना गुलाबी युनिफॉर्म. सगळं जागच्या जागी. पण ज्यूकबॉक्समध्ये रेकॉर्डच नव्हत्या, मागं स्पीकर बसवलेला, आणि खिडक्या पोस्टरनं झाकलेल्या, म्हणजे एवढी नदी समोर असून आत बसलेल्याला ती दिसतच नव्हती. खाणं बरं होतं. अर्ध्या तासात बाहेर पडलो आणि घरी येईस्तोवर त्या जागेतलं काही आठवेना.

आता दुसरी सांगतो, तिच्यासाठीच हे पत्र आहे. मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये, म्हणजे हा कोरोना कुणाच्या स्वप्नातही नव्हता तेव्हा, आम्ही तिघं भल्या पहाटे लाँग बीच आयलंडला गेलो. आमच्या इथनं दीडेक तास. पार्कवे या हमरस्त्याचं ६३ नंबरचं एक्झिट घ्यायचं, मग खाडीवरचा पूल, बेटावर जायला गाडीचा तेवढा एकच रस्ता. बेट म्हणजे काय, अठरा मैल लांब आणि रुंदी इतकी कमी की काही ठिकाणी एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी, दोन्ही चालत गाठता येतात. त्याच्या पार उत्तरेच्या टोकाला बार्नेगट लाइट नावाचं गाव आहे. वर लाल, खाली पांढरा असा दीपस्तंभ, १८५९ च्या १ जानेवारीला पहिल्यांदा पेटवलेला. ईरा २१७ पायऱ्या पळत चढली आणि वरून ओरडली की बाबा, सुवर्णदुर्ग कुठाय! दोन वर्षांपूर्वी तू तिला हर्णैला होडीतून फिरवलंस ना, तेव्हापासून तिला वाटतं प्रत्येक समुद्रात एक किल्ला असतोच.

गाव मच्छीमारांचं. नॉर्वे वगैरे त्या बाजूनं आलेल्या खलाशांनी इथं मासेमारी रुजवली, अजून स्कॅलॉप आणि टाइलफिशच्या बोटी तिथं लागतात. धक्क्यावर उतरल्या उतरल्या तोच वास रे, डिझेल, दोर, बर्फ, मासे. मी डोळे मिटून उभा राहिलो तर बायको म्हणाली, चला, तुम्ही पोचलात हर्णैला.

तिथं मुस्टॅश बिल्स नावाचं डायनर आहे. १९५९ चं. बाहेरून बघशील तर स्टीलचा चकचकीत डबा, आणि खरोखर डबाच आहे तो. ही डायनर गावात बांधत नसत, कारखान्यात बनवून आणत. आमचं न्यू जर्सी म्हणजे या धंद्याचं माहेरघर, ओ'मॅहोनी, कुलमन, फोडेरो अशा कंपन्या इथल्याच. हे डायनर फोडेरोचं, ब्लूमफील्डला कारखाना होता, आमच्यापासून अर्धा-पाऊण तास.

हे सगळं मला शेजारच्या स्टुलावरच्या म्हाताऱ्यानं सांगितलं. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात कॉफीचा जाड पांढरा मग. मी नुसतं विचारलं की हे इतकं अरुंद का, तर गडी खुलला. म्हणाला, रस्त्यावरून ट्रकनं नाहीतर रेल्वेनं न्यायचं तर रुंदी किती ठेवणार? म्हणून लांबच लांब काउंटर, त्याच्यासमोर जमिनीत ठोकलेली स्टुलं, एकटा माणूस आला तरी त्याला टेबल अडवल्यासारखं वाटत नाही. स्टील का, तर पुसलं की झालं, तेल चिकटून बसत नाही, आगीची भीती कमी. निऑन का, तर रात्री लांबून येणाऱ्या ट्रकवाल्याला दिसावं म्हणून. तो सांगत होता आणि मी एकेका वस्तूकडं बघत होतो. दिल्या, त्या आख्ख्या जागेत सजावट म्हणून ठेवलेलं काही सापडेना मला. आज आपण ज्याला रेट्रो म्हणतो ती एकेक गोष्ट कुणाची तरी सोय होती.

आणि सुरुवात कुठून झाली माहितीय? १८७२ मध्ये प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट नावाच्या माणसानं घोडागाडीतून रात्री सँडविच, पाय (सारण भरून भाजलेला पदार्थ), कॉफी विकायला सुरुवात केली. दुकानं लवकर बंद व्हायची आणि छापखान्यात रात्रपाळी करणाऱ्यांना खायला काही मिळायचं नाही, म्हणून. एवढंच कारण. मला एकदम काका आठवले. पहाटे चारला भट्टी पेटवायचे ते कशासाठी, बोटी आल्या की खलाशांना गरम चहा आणि उसळ-पाव मिळावा म्हणून. पर्यटक तेव्हा होते कुठं!

खाण्याचं सांगतो. ईराला सायक्लॉप्स दिला, म्हणजे पॅनकेकच्या मधोमध अंडं, एकाच डोळ्यानं तुमच्याकडं बघतंय असा. तिनं आधी पाच मिनिटं त्याच्याशी गप्पा मारल्या आणि मग खाल्लं. मी अंडी, बटाटे आणि टोस्ट घेतला. बटाट्याची कड इतकी खरपूस की आपल्या काचऱ्यांची आठवण आली. कॉफी साधीच, पण मग अर्धा झाला की बाई न विचारता भरून जायची, आणि जाता जाता "हनी" म्हणायची, तिच्या आईच्या वयाच्या माणसालासुद्धा! समोर तव्यावर एकाच वेळी दहा ऑर्डरी, कुणाची घाई नाही, कुणाचा आरडाओरडा नाही.

मालक बिल स्मिथ, नावाप्रमाणं भरघोस मिशा. हा माणूस पोरवयात त्याच डायनरमध्ये भांडी घासायला होता आणि पुढं त्यानं तेच विकत घेतलं. २००९ मध्ये या डायनरला जेम्स बिअर्ड फाउंडेशनचा 'अमेरिकाज क्लासिक्स' पुरस्कार मिळाला, इथल्या खाण्याच्या जगात ती फार मोठी गोष्ट आहे, मोठमोठ्या शेफच्या बरोबरीनं या अंडी-पॅनकेकवाल्याचा सन्मान. २०१२ मध्ये सँडी वादळानं हे सगळं बेट झोडपून काढलं, लोकांना घरं सोडून जावं लागलं होतं. तुझ्या पत्र्यांचं ऐकलं तेव्हा मला आधी तेच आठवलं. इतकं होऊनही त्या गावात स्टूल स्टुलाच्या जागी आहे आणि तव्यावर अंडी पडतायत.

आता माझं म्हणणं ऐक, रागावू नकोस. तुला डायनर करायचंच आहे ना? अरे, तुझ्याकडं ते आहेच. काकांची बाकडी अरुंद का आहेत, तर बाजूला कोळणींना पाट्या ठेवायला जागा राहावी म्हणून, हे तूच मला नववीत सांगितलं होतंस. गल्ला कोपऱ्यात तिरका का, तर तिथं बसून काकांना बंदरात येणारी बोट दिसायची आणि बोट दिसली की ते आत ओरडायचे, "पंधरा चहा!" तो गल्ला काढून तिथं लाल सोफा टाकलास तर बोट कुणाला दिसणार?

काय बदलायचं ते मात्र जरूर बदल. समुद्राकडची ती भिंत कशाला ठेवलीस, वादळात निम्मी पडलीच आहे तर तिथं मोठी खिडकी कर आणि तिला लागून लांब फळी, समोर सहा-सात स्टुलं जमिनीत पक्की. एकटादुकटा आला, दर्याकडं बघत चहा प्यायला, बस. टेबलांवर स्टीलचा पत्रा मारून घे, दोन पिढ्या बघायला नको. भट्टी आतल्या खोलीतून पुढं आण, लोकांना वडे तळताना दिसू देत, खारी हवा आहे तेव्हा चिमणी मात्र चांगल्या प्रतीची लाव. पाटीला दिवा लाव असा की पुळणीवरून दिसेल. आणि पहाटे चारची वेळ सोडू नकोस. पर्यटक नऊला येतात, त्यांच्यासाठी बोटवाल्यांना उपाशी ठेवू नकोस, काकांनी कधी ठेवलं नव्हतं.

पैशाचं म्हणशील तर या खिडकीचा आणि चिमणीचा खर्च माझा, यावर वाद नको. बारावीच्या वर्षी मी किती महिने तुमच्याकडं उधारीवर जेवलो ते काकांच्या वहीत असेल, आणि काकांनी ते एकदाही बोलून दाखवलं नाही. ती वही आहे ना अजून? की पावसात गेली?

मला बाकड्यांची आणि गल्ल्याची मापं पाठव, लांबी, रुंदी, उंची, जमल्यास भिंतीचंही. मी इथं कागदावर काढून बघतो. विमानं नीट सुरू झाली की येतो, तोवर भंगारवाल्याला दारात उभा करू नकोस. दोन बाकड्यांचे पाय हलत असतील तर सुताराकडून खुंट्या मारून घे, पाठ नवीन बसवायला सांगू नकोस, त्या पाठीवर खाली डाव्या बाजूला आपण दोघांनी खिळ्यानं नावं कोरलीयत.

आईंना नमस्कार. ईरा विचारतेय की होडीवाला काका तिला ओळखेल का.

तुझाच,
संज्या