आधी वजन, मग सामान: एका ताईंना जाहीर आभारपत्र

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचे आभार तोंडी मानून झाले, पण माझं समाधान झालं नाही. रोज कामाला नेणारी एसयूव्ही सुट्टीच्या दिवशी कच्च्या वाटेवर न्यावी असं वाटणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत. तुम्ही मला जे शिकवलंत ते त्यांच्याही उपयोगाचं आहे, म्हणून हे पत्र उघड लिहितो आहे. नाव घालू नका असं तुम्ही बजावलं होतं, ते पाळलं आहे.

मी तुमच्यापुढे यादी ठेवली होती: विंचसकट (विंच म्हणजे दोरानं अडकलेली गाडी ओढून काढणारं यंत्र) स्टीलचा बंपर, छतावर कॅरिअर आणि त्यावर तंबू, दोन्ही बाजूंना रॉक स्लायडर (दारांखालची कड दगडांपासून वाचवणाऱ्या जाड नळ्या), दुसरी बॅटरी. तुम्ही एकाही वस्तूला चांगलं-वाईट म्हणाला नाहीत. सोमवार ते शुक्रवार या गाडीत कोण कोण बसतं, एवढंच विचारलंत. मी सांगितलं, मागे मुलं बसतात, पुढे आई बसते, आणि आईचे गुडघे दुखतात. मग म्हणालात, "टाकी भरा, सगळ्यांना बसवा, नेहमीचं सामान ठेवा आणि वजनकाट्यावर जाऊन या. पुढचा अ‍ॅक्सल आणि मागचा अ‍ॅक्सल वेगळा मोजून आणा."

या एका सांगण्याबद्दल मी तुमचा सर्वांत जास्त ऋणी आहे. काट्याची चिठ्ठी आणि गाडीची माहितीपुस्तिका शेजारी ठेवून तुम्ही माझ्याकडूनच हिशेब करून घेतलात. भरलेल्या गाडीचं कमाल वजन किती असावं हे कंपनीनं छापलेलं असतं. त्यातून आमचं वजन वजा केल्यावर हातात जेमतेम 200 किलो उरले. यादीतला बंपर आणि विंच मिळून 100 किलोच्या आसपास, तंबू 60, कॅरिअर 30, स्लायडर 45, बॅटरी 25. बेरीज 260. म्हणजे कच्च्या वाटेवर पहिलं चाक पडण्याआधीच ब्रेक, स्प्रिंगा आणि टायर मर्यादेपलीकडे गेले असते, आणि तेही मुलं मागे बसलेली असताना.

नुसता आकडा सांगून तुम्ही थांबला नाहीत. वजन कुठे बसतं तेही समजावलंत. पुढच्या अ‍ॅक्सलच्याही पुढे 100 किलो टांगले की पुढच्या अ‍ॅक्सलवर 100 पेक्षा जास्त भार येतो आणि मागचा अ‍ॅक्सल तेवढा हलका होतो. छतावरचे 60 किलो गाडीचा गुरुत्वमध्य वर नेतात, आणि आडव्या उतारावर गाडी कलंडण्याचा धोका तिथूनच सुरू होतो. छताची मर्यादा वेगळी छापलेली असते आणि ती गाडी चालत असतानाची असते. कित्येक गाड्यांत ती कॅरिअर धरून 75 ते 100 किलोच असते, हे मला तुमच्यामुळे कळलं. उभ्या गाडीच्या छतावर तंबूत माणसं झोपू शकतात, म्हणून तेवढाच भार घेऊन खड्ड्यांतून जाता येईल असं नाही. तंबू आम्ही जमिनीवरचा घेतला. मुलांना तोच आवडतो.

टायरांच्या बाबतीत तुम्ही मला बराच वेळ दिलात. माझ्या गाडीला 265/65 आर 17 आहेत (रुंदी 265 मिलिमीटर, टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या 65 टक्के, रिम 17 इंची), आणि मला 265/70 हवे होते. तुम्ही कागदावर मांडून दाखवलंत: चाकाचा व्यास सुमारे 776 मिलिमीटरवरून 803 होतो, पण अ‍ॅक्सल वर जातो तो यातल्या निम्म्यानंच, म्हणजे 13 मिलिमीटर. त्या बदल्यात चाकाच्या एका फेऱ्यात गाडी सुमारे 3.4 टक्के जास्त पुढे जाते. आधी अचूक असलेला स्पीडोमीटर 100 दाखवतो तेव्हा खरा वेग 103 च्या वर असतो. उतारावर इंजिनाची पकड तेवढी ढिली पडते आणि स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या प्लास्टिकला घासण्याची शक्यता वाढते. एवढं सगळं बोटभर उंचीसाठी. मूळ मापातच ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्ची वाट दोन्हींना चालणाऱ्या नक्षीचे टायर घ्या, आणि टायरवरचा भारांक मूळ टायरपेक्षा कमी नको, हे तुमचं सांगणं होतं. 112 हा आकडा म्हणजे एका टायरला 1120 किलो, हे तेव्हापासून डोक्यात पक्कं आहे. चिखलाचे मड-टेरेन टायर नकोत असंही तुम्ही ठामपणे म्हणालात. आठवड्यातले पाच दिवस ओल्या डांबरावर ब्रेक मारायचे असतात, आणि तिथे ती मोठ्या गठ्ठ्यांची नक्षी कमी पडते. मला हे मनापासून पटलं. स्टेपनीसुद्धा त्याच मापाची आणि त्याच जातीची घेतली.

हवा कमी करायला तुम्ही शिकवलंत तो दिवस घरातले सगळे अजून आठवतात. तोच टायर, तीच गाडी, तोच भुसभुशीत चढ. 35 पीएसआयला चाकं जागच्या जागी माती उकरत होती; 20 ला आणल्यावर गाडी सावकाश वर गेली. टायर रुंदीपेक्षा लांबीत जास्त पसरतो आणि त्यामुळे पकड वाढते, हे तुम्ही मुलांना टायरच्या ठशाशी काठी ठेवून मोजून दाखवलंत. त्याच वेळी नियमही सांगितलेत: हवा कमी असताना वेग कमी, झटक्यात वळण नाही, साध्या रिमवर 15 च्या खाली जायचं नाही, नाहीतर टायर रिमवरून सुटतो. आणि डांबरावर परतण्याआधी हवा पूर्ववत भरायची, कारण कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फुटतो. त्यासाठी कॉम्प्रेसर हवाच, पण मोठा कॉम्प्रेसर सिगारेट लायटरच्या सॉकेटला जोडायचा नाही. त्याचा फ्यूज तेवढा करंट सोसत नाही. क्लिपा थेट बॅटरीला लावायच्या, इंजिन चालू ठेवायचं. माझ्या मते कोणत्याही नव्या माणसानं पहिला खर्च करायचा तो हवेचा गेज आणि कॉम्प्रेसर यांवरच.

तुमच्या खडूची गोष्ट मी भेटेल त्याला सांगतो. गाडीखाली आडवं होऊन तुम्ही इंजिनाचा चेंबर, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी), इंधनाची टाकी, मागच्या शॉकअपचे खालचे ब्रॅकेट, सगळीकडे जाड खडूचे पट्टे ओढलेत. सोपी वाट फिरून आल्यावर कुठला पट्टा पुसला गेलाय ते बघा म्हणालात. शॉकअपच्या ब्रॅकेटवरचा आणि टाकीच्या कडेचा गेला होता. चेंबरखालचा मूळ पत्रा कोरा करकरीत. त्यामुळे आम्ही टाकीखाली एकच गार्ड लावला. पूर्ण खालचा भाग स्टीलनं मढवण्याचा खर्च वाचला आणि त्याचं वजनही. गाडीनं स्वतःच सांगावं तिला काय हवंय, ही तुमची पद्धत मला फार मोलाची वाटते.

स्प्रिंगांचा निर्णय तुम्ही मुद्दाम शेवटी ठेवलात. गाडीत शेवटी किती भार राहणार हे ठरल्याशिवाय स्प्रिंग निवडायचीच नाही, कारण भरलेल्या गाडीसाठी घेतलेली कडक स्प्रिंग रिकाम्या गाडीत पाठ मोडते. आपण 40 मिलिमीटर उंची वाढवली, नुसते स्पेसर (स्प्रिंगेवर ठेवायच्या जाड चकत्या) न टाकता स्प्रिंगा आणि त्यांना जुळणारे शॉकअप दोन्ही बदलून. याहून वर गेलो तर ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यांचा कोन वाढतो आणि ते लवकर झिजतात, हे एक कारण. आणि आईला पाय टाकून चढता आलं पाहिजे, हे दुसरं. दुसरं कारण तुम्ही आधी मांडलंत, ते मी कधी विसरणार नाही. काम झाल्यावर अलाइनमेंट, हेडलाइटचा कोन आणि पुढच्या काचेमागच्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, तिन्ही गोष्टी करून घेतल्याशिवाय तुम्ही मला गाडी हायवेला नेऊ दिली नाही. चाकांचे नट 100 किलोमीटरनंतर टॉर्क पान्यानं पुन्हा तपासायलाही सांगितलंत. विमा कंपनीला बदल लेखी कळवून टाकलेत.

विंचच्या जागी तुम्ही मला फावडं, रिकव्हरी बोर्डची जोडी (रुतलेल्या चाकाखाली घालायच्या खाचांच्या फळ्या), एक रिकव्हरी स्ट्रॅप (गाडी खेचायचा पट्टा) आणि दोन सॉफ्ट शॅकल (स्ट्रॅप अडकवायच्या दोराच्या कड्या) घ्यायला लावलेत. नायलॉनचा हा स्ट्रॅप सुमारे 20 टक्के ताणला जातो आणि ती साठलेली ताकद अडकलेल्या गाडीला बाहेर खेचते. तीच ताकद माणसाचा जीवही घेऊ शकते. ट्रेलर जोडायच्या गोल बॉलला स्ट्रॅप अडकवायचा नाही: बॉल तुटला तर तोफगोळ्यासारखा उडतो, आणि त्यानं माणसं मेली आहेत. गाडी जहाजावर किंवा ट्रकवर बांधण्यासाठी दिलेली पातळ कडी ही खेचण्याची जागा नव्हे. चेसिसला बोल्ट केलेला, क्षमता छापलेला रिकव्हरी पॉइंटच वापरायचा. बघ्यांना स्ट्रॅपच्या लांबीच्या दीडपट तरी लांब उभं करायचं, मधे कुणी येता कामा नये. हे सांगताना तुमचा आवाज बदलला होता. आधी फावड्यानं चाकांपुढची माती काढा, बोर्ड घाला, हवा आणखी कमी करा, आणि एवढं करूनही नाहीच निघाली तर स्ट्रॅपला हात लावा, हा क्रम आमच्या डिकीच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. एकट्या गाडीनं जायचं असेल तर वाट सोपी निवडायची, हेही त्याखाली लिहिलंय.

तिरप्या खड्ड्यांतून एक चाक हवेत गेलं की माणूस अ‍ॅक्सिलरेटर सोडतो. ट्रॅक्शन कंट्रोलला मात्र थोडा वेळ आणि स्थिर पाय लागतो: ते फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतं, मग ताकद जमिनीवरच्या चाकाकडे जाते. तुम्ही शेजारच्या सीटवर बसून "धरा, धरा, तसाच धरा" म्हणत राहिलात आणि गाडी निघाली. डिफरन्शिअल लॉक (दोन्ही बाजूंची चाकं एकाच वेगानं फिरवणारी यंत्रणा) घ्यायचा विचार त्या दिवशी मागे पडला. हलक्या वाटांसाठी मला अजून तरी त्याची गरज वाटत नाही. चालत जाऊन वाट आधी बघायची सवय मात्र पक्की लागली.

दिव्यांवर आपलं फार बोलणं झालं नाही. 120 वॉटचा एक एलईडी बार, म्हणजे 12 व्होल्टला 10 अँपिअर, त्याला वेगळा रिले आणि फ्यूज, आणि सार्वजनिक रस्त्यावर त्यावर झाकण. बस. डिकीतलं सामान बांधण्याबद्दल मात्र तुम्ही कडक होतात. पाण्याचा 20 लिटरचा कॅन म्हणजे 20 किलो, आणि जोरात ब्रेक लागला की तो मुलांच्या डोक्यामागे येतो. आता जॅक, कॅन, हत्यारांची पेटी, सगळं खालच्या हुकांना पट्ट्यांनी बांधलेलं असतं आणि जड वस्तू सीटच्या पाठीला टेकून तळाशी.

ताई, यातलं काहीही तुम्ही पैशासाठी केलं नाहीत. तुमच्या सुट्ट्या गेल्या, कपडे मातीत गेले, मी तेच प्रश्न फिरून विचारले तरी तुम्ही त्रागा केला नाहीत. मुलीनं स्टेपनी कशी बदलतात विचारलं तेव्हा तुम्ही तिच्याच हातात पाना दिलात आणि तिला जोर पुरेना तेव्हा पान्यावर पाय कसा द्यायचा ते दाखवलंत. घरी आल्यावर ती मला शिकवत होती. अशा माणसाचे आभार कसे मानायचे ते मला नीटसं येत नाही, म्हणून तुम्ही दिलेलं सगळं इथे लिहून काढलं.

पुढचं काम तुम्ही नेमून दिलं आहेच. डिफरन्शिअल तापलेलं असताना थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा आत-बाहेर करण्याचं छिद्र), सीलमधून पाणी ओढलं जातं, म्हणून दोन्ही ब्रीदरच्या नळ्या वर घ्यायच्या. स्नॉर्केल (इंजिनाला वरून हवा देणारी उंच नळी) लावल्यानं गाडी जास्त खोल पाण्यात जाऊ शकते असं मानू नका, हे तुमचं वाक्य लक्षात आहे. पुस्तिकेतली खोलीची मर्यादा आम्ही तशीच पाळतो. नळ्या आणि क्लिपा आणून ठेवल्या आहेत. तुम्हाला सवड असेल त्या रविवारी या, तुमच्या देखरेखीखाली बसवू. तुमचा स्ट्रॅपही मातीचे कण काढून, धुऊन, सावलीत वाळवून ठेवला आहे, तो तेव्हाच देतो.

आपला ऋणी,
तुमचा एक विद्यार्थी