सही करण्याआधी

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

बाबा, कराराचा फोटो मिळाला. कोपऱ्यात तुमचा अंगठा आलाय, पण वाचता आलं. सही अजिबात करू नका. लेखक सर्व हक्क प्रकाशकाला कायमचे देतो, हे दुसरं कलम आधी खोडायचं. कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. म्हणजे निपाणीच्या तंबाखूवरचं तुमचं पुस्तक नातवंडांच्या हाती राहणार. ते २५ प्रतींच्या बदल्यात देऊन टाकायचं? गंमत अशी, की करारात मुदत लिहिलीच नसती तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ती ५ वर्षं धरली असती. म्हणूनच तर त्यांनी ‘कायमचे’ घातलंय. मी नवा मसुदा पाठवते: फक्त मराठी, फक्त छापील, पहिली आवृत्ती, रॉयल्टी आकड्यात. भाषांतराचे हक्क आपल्याकडेच. कन्नडमध्ये आलं तर निम्मा शेजार वाचेल की!

आता वखारवाल्या सावकाराचं प्रकरण. तो काटा मारायचा, हे गावाला ठाऊक आहे, कबूल. “मेलेल्या माणसाची कसली बदनामी?” असं फोनवर म्हणालात. होते, बाबा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये तीही धरलीय, घरच्यांची मनं दुखवायचा हेतू असेल तर. शिवाय त्या कलमात नुसतं खरं असून भागत नाही, ते सांगण्यात लोकांचं हित असावं लागतं. १९८१ च्या तंबाखू शेतकऱ्यांच्या आंदोलनाआधी शेतकरी कसा नाडला जायचा हे सांगायला काट्याची गोष्ट हवीच. ती ठेवा, आणि माडीवरच्या ट्रंकेतल्या जुन्या हिशेबपट्ट्या जपा, तोच आपला पुरावा. पण त्याच्या दुसऱ्या घराची हकीकत काढा. लिहिलीय मात्र झकास, मी दोनदा वाचली.

आई, “पोरगी कोर्टात कधी उभी राहते?” असं आत्या विचारते ना? तिला सांग, ती मुंबईत हेच करते. उद्याची बातमी, कुणाचं आत्मचरित्र, कुणाचा करार, सगळं छापायला जायच्या आधी वाचते. हे नीट झालं तर कोर्टाची पायरी चढावी लागत नाही, त्यामुळे आत्याला दाखवायला काळ्या कोटातला फोटो काही निघत नाही. आर. एल. लॉ कॉलेजात होते तेव्हा अशीही वकिली असते हे मला तरी कुठं माहीत होतं?

मसुदा दोन दिवसांत येईल. तोवर प्रकाशकांचा माणूस घरी आला तर चहा द्या, पेन देऊ नका.

तुमची लेक